‘आधी’चा फोटो

राइली वुओरिसालो अंबाडा घालायची तो काही हौस म्हणून नव्हे. केस मोकळे सोडले, की खालच्या फळीवरचं पुस्तक काढायला वाकताना ते तोंडावर यायचे, आणि हौकिला गावाच्या वाचनालयात निम्मी पुस्तकं खालच्याच फळ्यांवर होती. चष्मा शाळेपासूनचा. लोकरीचं जाकीट अंगात असायचं, कारण नगरपालिका वाचनालयाचा हीटर वाढवू द्यायची नाही. इतकं साधं होतं सगळं. पण अंबाडा, चष्मा आणि लोकरीचं जाकीट एकाच बाईच्या अंगावर आलं आणि ती बाई पुस्तकांच्या टेबलामागे बसलेली असली, की लोकांना पुढचं काही बघायची गरजच वाटत नाही. उरलेली बाई ते आपल्या मनाने पुरी करून टाकतात. लग्न मोडलेलं असणार, घरी मांजर असणार, कुणी जरा मोठ्याने बोललं की ओठांवर बोट ठेवत असणार.

यातलं लग्न खरंच मोडलं होतं. मांजर नव्हतं, कारण मांजराने तिला शिंका येत. आणि ओठांवर बोट म्हणाल, तर आख्ख्या नोकरीत तिने ते कुणापुढेही ठेवलं नव्हतं. पोरं खिदळली तरी नाही, म्हातारे रेडिओवरच्या हॉकीवरून हातघाईवर आले तरी नाही. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

लोकांचं काय, ते काहीही बोलतात. लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेला पाहुणा हमखास म्हणायचा, “ग्रंथपाल? वा! म्हणजे दिवसभर वाचत बसायचं!” सुरुवातीला ती समजावून सांगायची. पुढे पुढे म्हणायला लागली, “हो ना. आणि बेकरीवाला दिवसभर खात बसतो.” तिच्या आईने उभा जन्म कागदाच्या गिरणीत काढला होता. आईला वाटायचं, पोरगी मुखदुर्बळ, तिला कुणी कपाटांमागे बसायचे पैसे देतंय हे नशीबच. नवरा एस्को घर सोडून गेला तेव्हा जाता जाता म्हणाला होता, “तुझ्याशी भांडायलासुद्धा मजा येत नाही ग. आवाज म्हणून चढवत नाहीस.” शनिवारी बायकांच्या पाळीला सौनाच्या गरम वाफेत सगळ्या उघड्यावाघड्या घाम गाळत बसलेल्या असत, तिथेही कुणीतरी म्हणायचंच, “राइली, इथे तरी अंबाडा सोड!”

खरा तिचा दिवस कसा जायचा ते कुणी विचारलं नाही. बर्फाच्या बुटांनी झालेला चिखल पुसायचा. अडकलेल्या छपाईयंत्राच्या पोटात हात घालायचा. ज्याची बायको गेली आणि जिच्याशिवाय त्याला बँकेचं काही कळत नव्हतं, अशा म्हाताऱ्याच्या शेजारी बसून त्याचा पासवर्ड त्याच्याकडून आठवून घ्यायचा. शिलाईयंत्र आणि स्की उसनी द्यायची, मोडून परत आली की दुरुस्तीला पाठवायची. वर्तमानपत्राआड झोपलेल्या दारुड्याला थंडी संपेपर्यंत झोपू द्यायचं. ती या नोकरीत आली होती पुस्तकांसाठी आणि राहिली माणसांसाठी. पुस्तकं बिचारी उभी असतात, त्यांचं काही म्हणणं नसतं.

त्या वर्षी मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ अजून माणसाचं वजन पेलत होता, तेव्हा ओउतीने सगळ्यांना बोलावलं. ओउती म्हणजे नगरपालिकेची संस्कृती-अधिकारी, राइलीची साहेबीण. सगळे म्हणजे दोघीच: राइली, आणि वाचनालयाची बस घेऊन खेड्याखेड्यांतून फिरणारी तुइरे. तुइरे अंगाने आडवी, जिभेने त्याहून आडवी. टेबलावर कॉफी होती, वेलदोड्याचा गोड पाव होता आणि हेलसिंकीहून आणलेला येरे नावाचा एक सल्लागार होता.

“आपल्याला ग्रंथपालाची प्रतिमा बदलायची आहे,” येरे म्हणाला. “लोकांच्या डोक्यात जे चित्र आहे, ते आपण हसत हसत फोडायचं.”

त्याने पोस्टरचा नमुना पसरला. दोन फोटोंच्या दोन चौकटी. डावीकडची रिकामी, तिच्यावर लिहिलं होतं ‘आधी’. उजवीकडे ‘नंतर’, आणि तिथे चामडी कोटातली, दंडावर गोंदलेली एक तरणीताठी मुलगी दात काढून हसत होती. खाली मोठ्या अक्षरांत: आम्ही आता गप्प बसवत नाही!

“आणि हे नवे बिल्ले,” ओउती घाईने म्हणाली. “ग्रंथपाल हा शब्द जुना वाटतो, असं पाहणीत आलंय.”

तुइरेने बिल्ला उचलून वाचला. “अनुभव-सोबती. अग बाई! हा लावून मी बस घेऊन एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या अंगणात शिरले, तर त्याची बायको बंदूकच काढेल.”

येरे हसला. राइली हसली नाही. ती पोस्टरकडे बघत होती.

“डावीकडे कोण?” तिने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

“तू,” येरे म्हणाला. “तू तर तयारच आहेस! वेशभूषा लागायची नाही. फक्त ओठांवर बोट ठेवायचं आणि जरा डोळे वटारायचे.”

“आणि उजवीकडची? ही कुठल्या वाचनालयात काम करते?”

“कुठल्याच नाही. मॉडेल आहे.”

“म्हणजे आधी मी,” राइली म्हणाली, “आणि नंतर इथे कुणीच नाही.”

ओउतीने एकदम कॉफीच्या कपात नजर घातली. तिच्या या खाली बघण्यानेच राइलीला कळलं, की आपण अंधारात मारलेला दगड नेमका लागला आहे.

येरे फोन घ्यायला बाहेर गेल्यावर ओउतीने सांगून टाकलं. नगर परिषदेपुढे प्रस्ताव आला होता. वाचनालयाच्या दाराला कार्डाचं यंत्र बसवायचं. ज्याला हवं त्याने कार्ड लावून आत यावं, पुस्तक यंत्रावर धरावं आणि जावं. आत माणूस नको. बस चालू राहील, राइलीची जागा जाईल.

“तुला म्हणून सांगते, राइली. ही मोहीम गाजली, वाचनालयाला नवा चेहरा आला असं दिसलं, तर मी तुझ्यासाठी भांडू शकेन. एक फोटो काय तो. माणसाने स्वतःवर हसायला शिकावं ग.”

“स्वतःवर मी रोज सकाळी आरशात हसते. फुकट.” राइलीचा आवाज नेहमीइतकाच होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “मी कुणाला गप्प बसवलेलं नाही, ओउती. एकदाही नाही. जे केलं नाही, त्याचा फोटो काढून घेऊ? आणि ‘आधी’ म्हणजे कशाच्या आधी? मी अजून आहे ना? इथे बसलेय, पाव खातेय!”

“मग माझ्या हातात काही नाही.”

“नसू दे.”

तिने अनुभव-सोबतीचा बिल्ला खणात टाकला. पुठ्ठ्याचा तुकडा कापला, जाड काळ्या पेनाने त्यावर ‘ग्रंथपाल’ लिहिलं आणि पिन लावून जाकिटावर डकवला. अक्षर वेडंवाकडं आलं होतं. तरी तिने तो रोज लावला, आणि कुणी विचारलं तर, “वाचता येतं ना?” एवढंच म्हणाली.

प्रस्ताव कुणी आणलाय ते तुइरेने दोन दिवसांत काढून आणलं. बस लावून ती तशीच आत आली, बुटांचा बर्फ न झटकता.

“कालेर्वो निस्कलाने! ऐकतेस का? कालेर्वोने!”

राइलीने हातातली पुस्तकं खाली ठेवली.

कालेर्वो निस्कलाचा खडी आणि खोदकामाचा धंदा होता. माणूस दाराएवढा, आवाज क्रशरसारखा, परिषदेत त्याचा शब्द चाले. चार-पाच हिवाळ्यांमागे त्याची बायको त्याला सोडून गेली होती, हे सगळ्या हौकिलाला ठाऊक होतं. त्यानंतर एका संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या सुमाराला तो आत येऊन उभा राहिला. तो यापूर्वी कधी तिथे आला नव्हता.

“किती वाजता बंद करतेस?” त्याने विचारलं.

“सातला.”

“दुकान आठला बंद होतं,” तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

चौकाच्या पलीकडे सरकारी दारूच्या दुकानाची पाटी दिव्यांनी उजळली होती. राइलीला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तिने काही विचारलं नाही. बाहेरचे दिवे मालवले, दाराला आतून कडी घातली आणि नकाशांच्या कपाटाजवळचा दिवा तेवढा चालू ठेवला.

“बस,” ती म्हणाली. “माझं आवरायचं राहिलंय.”

तो सबंध हिवाळा राइलीचं रोज संध्याकाळी आवरायचं राहत होतं. कालेर्वो नकाशे काढून बघत बसे. आधी नुसताच, हात थरथरत. मग रस लागून. दुकानाची पाटी विझली की उठायचा, टोपी घालायचा आणि जायचा. त्या तासाचा पगार राइलीला कुणी दिला नाही आणि तिने मागितला नाही. वसंतात तो यायचा थांबला. आता तो पीत नाही, असं लोक म्हणत. त्यानंतर रस्त्यात राइली दिसली की तो पलीकडच्या कडेला जायचा. याचं तिला वाईट वाटे, पण नवल वाटत नसे. ज्याने आपल्याला गाळात रुतलेलं पाहिलं त्याचं तोंड माणसाला नको वाटतं.

हे फक्त तुइरेला माहीत होतं, कारण तिची बस त्याच वेळेला मागच्या अंगणात यायची.

“एक शब्द टाक,” तुइरे म्हणाली. “तूच टाक, नाहीतर मी टाकते. तोंड उघडायचा नाही पुन्हा.”

“नाही.”

“हिवाळाभर तू घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यास, आणि तो आता तुझीच चूल विझवायला निघालाय!”

“इथे कोण येतं, काय नेतं, कशासाठी येतं, ते त्या दाराबाहेर जात नाही. एकदा पोलीस कुणाची तरी चौकशी करत आले होते, तेव्हा त्यांनाही सांगितलं नाही मी.”

“अग, तो पुस्तक न्यायला आला नव्हता!”

“म्हणूनच,” राइली म्हणाली.

तुइरेने डोक्याला हात लावला. “जाशील घरी मग त्या वेड्यावाकड्या बिल्ल्यासकट.”

“जाईन. पण ग्रंथपाल म्हणून जाईन.”

परिषदेची बैठक सगळ्यांना खुली असते. मागच्या खुर्च्यांवर कुणीही बसावं, फक्त तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी खुर्च्या भरल्या होत्या. राइली मधल्या रांगेत बसली, जाकीट तेच, पुठ्ठ्याचा बिल्ला तोच. शेजारी तुइरे. स्थानिक वर्तमानपत्राची मुलगी कॅमेरा घेऊन भिंतीला टेकली होती, तोंडावर कंटाळा.

कालेर्वो उभा राहिला. राइली तिथे आहे हे त्याने पाहिलं होतं. म्हणूनच तो दुसरीकडे बघून बोलत होता.

“साधा हिशोब आहे,” तो म्हणाला. “ती बाई तिथे बसून करते काय? पुस्तक यंत्रावर धरते, टूं वाजतं. आता टूं वाजवायला आपण पगारी माणूस ठेवायचा? यंत्र स्वतःच टूं करतं!” हशा झाला. हशाने माणसाला चेव येतो. “आणि उरलेल्या वेळात? पोरं जरा हसली की...” त्याने आपलं जाडजूड बोट ओठांवर ठेवलं, डोळे वटारले. सगळं सभागृह हसलं.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर राइलीने सोडून दिलं असतं. तिने तसलं आयुष्यभर ऐकलं होतं. पण या माणसाने? नकाशाच्या कपाटापाशी सबंध हिवाळा बसून याने तिच्या तोंडून कधी श्श् ऐकलं होतं? तिला त्याचा मनापासून राग आला, इतका की त्या क्षणी तीच बोलली असती. ओठ उघडलेही होते.

पण तुइरे तिच्या आधी उठली. खुर्ची मागे पडली.

“तू बोलतोस हे?” तुइरे ओरडली. “तू, कालेर्वो? लाज नाही वाटत? हिला विचारतोस काय करते? सांगू सगळ्यांना ती काय करते? त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी तू कुठे...”

एकच गलका झाला. अध्यक्ष हातोडा आपटायला लागला, “प्रेक्षकांनी बोलायचं नाही! खाली बसा!” कुणी ओरडलं, “बोलू द्या तिला!” कुणी हसत होतं. कालेर्वोचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्याचा एक हात टेबलाची कड शोधत होता आणि ती त्याला सापडत नव्हती. राइलीने तो हात पाहिला. नकाशावर थरथरणारा तो हात तिने ओळखला.

ती उठली. तुइरेकडे वळली, ओठांवर बोट ठेवलं, आणि तिच्या तोंडून निघालं:

“श्श्!”

आयुष्यात पहिल्यांदा केलेलं असूनही ते असं काही निघालं, की सभागृहाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेलं. गलका मधोमध तुटला. अध्यक्षाचा हातोडा वर गेला तो वरच राहिला. तुइरे तोंड उघडं ठेवून राइलीकडे बघत होती. राइलीने बोट हलवलं नाही, तिच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही. तुइरेने खाली वाकून खुर्ची उचलली आणि ती बसली. त्या शांततेत कॅमेऱ्याचा आवाज तेवढा झाला.

कालेर्वोने भाषण तिथेच सोडलं. खाली बसला आणि समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला. मग अध्यक्षाने एकेकाचं नाव पुकारून मत विचारायला घेतलं.

“निस्कला?”

“विरोध.”

अध्यक्षाने चष्म्यावरून पाहिलं. “कालेर्वो, प्रस्ताव तुझाच आहे.”

“माहीत आहे. माझं मत विरोधात.”

“अरे, आत्ता तर तू... कारण काय?”

“सांगणार नाही.”

“लोक विचारतील की!”

“विचारू देत,” कालेर्वो म्हणाला. “नाही सांगणार.”

त्याच्यामागे चालणाऱ्या तीन-चार जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही विरोधात गेले. प्रस्ताव पडला. मधल्या रांगेत राइली बिल्ल्याची पिन चाचपत बसली होती. कुठलं पुस्तक का हवंय, असं ती टेबलापाशी कुणाला विचारत नसे, आणि कालेर्वोने मत का फिरवलं, हेही आज तिने मनातसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ती होती. अंबाडा, चष्मा, लोकरीचं जाकीट, ओठांवर बोट, डोळे वटारलेले. वर मथळा: ‘ग्रंथपालबाईंनी परिषदेला गप्प बसवलं’. सगळं हौकिला हसलं, प्रेमानेच हसलं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. दुकानात पाव घेताना गल्ल्यावरच्या बाईने ओठांवर बोट ठेवून डोळा मारला. शाळेतून आलेली पोरं दारातच “श्श्!” करून खिदळली. येरेचा हेलसिंकीहून फोन आला. “राइली! मी मागत होतो तो हाच फोटो! आम्ही वापरू?”

“हात लावून बघ,” राइली म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती कपाटांमागे जाऊन रडली. सगळ्या नोकरीत जपलेली एक गोष्ट एका टिचकीत गेली होती. ज्या चित्राला तिने नोकरीवर पाणी सोडून नकार दिला, त्याच चित्रात ती आता कायमची जाऊन बसली होती, आणि तेही आपल्या पायांनी चालत.

तुइरे कॉफी घेऊन मागे आली. ओशाळली होती. “मी सांगते पेपरात. म्हणावं, परिषदेला नाही, मला गप्प केलं तिने.”

“मग विचारतील, का केलं.”

तुइरेने हातातली कॉफी फळीवर ठेवली.

“बघ,” राइली नाक पुसत म्हणाली. “नाही सांगता यायचं. झाकली मूठ आहे ती, झाकलेलीच बरी.”

“मग हे सगळे समजणार, तू तसलीच आहेस म्हणून.”

राइलीने डोळे पुसले. मग चष्मा पुसून नाकावर चढवला.

“समजू देत! त्यांना काय समजायचं ते समजू देत. मी काय आहे ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि अजून एका माणसाला माहीत आहे. पुष्कळ झालं.”

तिने कात्री घेतली, फोटो कापला आणि वाचनालयाच्या दाराच्या काचेवर, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असा, स्वतःच्या हाताने चिकटवला. खाली त्याच जाड काळ्या पेनाने लिहिलं: ‘ग्रंथपाल. आत आहे.’

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, ती टेबलावरचे दिवे मालवत असताना, काचेपलीकडे कुणीतरी बराच वेळ फोटोसमोर उभं असलेलं तिला दिसलं. दाराएवढा माणूस. इतर सगळे तिथे हसत, हा हसत नव्हता. त्याने टोपी काढली आणि आत आला.

“ते नकाशांचं कपाट,” कालेर्वो म्हणाला. आवाज त्याचा वाटू नये इतका हळू होता. “हलवलंस का ग कुठे?”

“नाही. आहे तिथेच आहे.”

“तुझी बंद करायची वेळ झाली असेल.”

राइलीने कपाटाजवळचा दिवा लावला.

“बस,” ती म्हणाली. “माझं आवरायचं राहिलंय.”